दगडाच्या भागातली ओरड

भोंगा म्हणायचे तिला. गल्लीत, कामावर, दुकानात, दवाखान्याचा कागद सोडला तर सगळीकडे. आवाजच तसा. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून तिने "चिमे, जेवायला ये" अशी हाक मारली की चिमी तर यायचीच, पण शेजारच्या दोन बिल्डिंगींतली पोरंही खेळ टाकून आपापल्या घरी निघायची. एवढी हाक आली म्हणजे जेवायची वेळ झालीच असणार, असा त्यांचा हिशोब.

धाकटी तिला ताई म्हणायची. धाकटी म्हणजे पाठची बहीण, सात वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ताई चौदाची आणि धाकटी सातची. ताईची शाळा तिथेच सुटली. धाकटीची चौथीपर्यंत कशीबशी झाली, मग तीही शिंप्याच्या दुकानात काज-बटणाला बसली. लहान हात, जाड कापड, दिवसातून दोनदा तरी सुई बोटात घुसायची. घरी येऊन रडायची. तेव्हा ताई तिचं ते बोट आपल्या मुठीत धरायची आणि म्हणायची, "झालं हां, झालं. झालं बाळा, झालं." इतकं हळू म्हणायची की शेजारी बसलेल्याला ऐकू जाऊ नये. गल्लीला सांगितलं तर खोटं वाटेल, पण भोंग्याला असाही एक आवाज होता. तो फक्त धाकटीला माहीत.

ताईचं लग्न राहून गेलं. धाकटीचं झालं, पण नवरा चिमी दोन वर्षांची असताना जो गेला तो गेलाच. मग दोघी बहिणी आणि चिमी, दीड खोली, एक कपाट, एक टीव्ही. टीव्हीवर कापड टाकलेलं असायचं आणि ते कापड संध्याकाळी पाच वाजता निघायचं, कारण पाचला झुंजीचं कार्टून लागायचं.

हे कार्टून म्हणजे परदेशातलं. मुलंमुली गावोगाव फिरतात, प्रत्येकाजवळ एकेक अजब प्राणी, आणि हे प्राणी मैदानात एकमेकांशी झुंजतात. कुणाच्या शेपटीतून ठिणग्या, कुणाच्या डोळ्यांतून बर्फ. त्यात एक होता ढोमकू. अर्धा बेडूक, अर्धा कासव, चिखलाच्या रंगाचा, पाठीवरच्या भोकांतून वाफ सोडणारा. दहातल्या सात झुंजी हरायचा. म्हणूनच पोरांचा लाडका. जिंकणाऱ्यावर काय, कुणीही प्रेम करतं.

आणि ताई कामाला होती ती जिथे या कार्टूनला आपल्या भाषेतले आवाज देतात तिथे. टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला तो स्टुडिओ. चित्रं त्यांची, तोंडं त्यांची, बोलणं आपलं. काचेच्या आड माणूस कानाला हेडफोन लावून उभा राहतो, समोर पडदा, आणि पडद्यावरचं तोंड उघडलं की यानेही उघडायचं. ताई तिथे झाडलोट करायची, लादी पुसायची, चहा द्यायची. पण गल्लीतल्या पोरांच्या हिशोबाने ती कार्टूनच्या आतच राहत होती.

"भोंगामावशी, ढोमकू पुढच्या झुंजीत जिंकतो का?"

"मी कशाला सांगू? ढोमकूने मला शपथ घातलीय."

"मावशी, ढोमकू खरा कसा असतो?"

"जाडी बाई आहे एक. सारख्या लवंगा चघळते."

आता सगळ्यात लाडका भाग कुठला ते सांगायचं तर, दगडाचा भाग. एकतिसावा का बत्तिसावा होता, नंबर कुणाच्या लक्षात नाही. दरीत झुंज असते. ढोमकू हरतो, तेही वाईट हरतो. त्याची मालकीण, दोन वेण्यांची एक मुलगी, त्याच्यावर चिडते आणि त्याला तिथेच टाकून निघते. मागे न बघता. वरून दगड सुटतात, ढोमकूचा पाय दगडाखाली अडकतो. आणि तो ओरडतो. एकदाच. इतर सगळ्या भागांत तो "ढोम ढोम" करतो, तेवढंच. या भागात मात्र अशी ओरड की अंगावर काटा यावा. दूर गेलेली मुलगी थबकते. वळते. आणि धावत परत येते. नखं तुटेपर्यंत दगड उकरते. बस, एवढंच. पण ती वळायची ना, तेव्हा घरात बसलेली दहा-बारा पोरं एका दमात श्वास सोडायची.

ती ओरड ताईची होती.

घरात ही गोष्ट ताईने इतक्यांदा सांगितली की चिमी झोपेतही म्हणून दाखवील. बाहेरून आलेल्या टेपवर त्या जागी आवाजच नव्हता. दगड पडल्याचा धडाम होता, मागचं संगीत होतं, ओरड मात्र पाठवायची कुणी विसरलं. ढोमकूचा आवाज देणाऱ्या लवंगवाल्या बाईने दहादा ओरडून बघितलं. "शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं," ताई सांगायची. साउंडवाला साहेब, ताईहून दहा वर्षांनी लहान, पण साहेब तो साहेब, डोकं धरून बसलेला. आता त्या खोलीच्या दारावर एक लाल बल्ब. तो लागला की आत रेकॉर्डिंग चालू, दाराला हात लावायचा नाही. पण बल्ब चार दिवसांपासून गेलेला. नवा आणायला कुणाला सवड? म्हणून युक्ती काढली होती की रेकॉर्डिंग चालू असलं की ताईचं लाल फडकं दाराच्या मुठीला अडकवायचं. बल्बच्या जागी फडकं.

"आणि त्या दिवशी मुठीला फडकंच नाही! मला काय स्वप्न पडलं आत काय चाललंय? गेले बादली घेऊन. बघते तर बाई तोंड उघडून उभी. मी तशीच मागे. आणि ते दार मेलं, दार आहे का अस्वल, गादी लावलेलं, स्प्रिंगचं, त्याने माझी करंगळीच खाल्ली!"

इथे ती डावा हात वर करायची. करंगळी पहिल्या पेरापर्यंतच. वरचं पेर डॉक्टरने काढून टाकलं होतं.

"मग मावशी?" पोरं विचारायची, पाठ असूनही.

"मग काय, मी ओरडले! आणि साहेब काय म्हणतो? 'वा मावशी, फर्स्टक्लास! परत एकदा दे!' मी म्हटलं, साहेब, दहाच दिलीत देवाने. एका टेकला एक, असं नाही परवडायचं!"

हशा. पोरं लोळायची. धाकटीही हसायची, काज करता करता, दोरा दातात धरून.

मग पोरं म्हणायची, "ओरड ना मावशी, तसंच ओरड." ताई ओरडायची. मोठ्याने ओरडायची, भोंगाच तो, पण तसं यायचं नाही. पोरं नाराज. "तसं नाही आलं."

"तसं पाहिजे? मग जा, दार घेऊन या."

पुन्हा हशा. एकदा असंच, चिमीचा वाढदिवस होता, घर भरलेलं, पोरं म्हणाली तसं नाही आलं, ताई म्हणाली मग दार आणा, आणि धाकटीने मागून टाकलं, "आणा रे आणा. ताईची उजवी करंगळी अजून शिल्लक आहे की."

त्या दिवसाचं सगळ्यात मोठं हसू त्याला पडलं. ताईही हसली. हसता हसता तिने उजवा हात मागे पदरात घेतला. गमतीतच घेतला असेल. तेव्हा धाकटीला ते दिसलं आणि दिसून गेलं. बावीस वर्षांनी परत दिसायला लागलं.

आवाज बसायला लागला तो दोन वर्षांपूर्वी. सुरुवातीला गल्लीने चेष्टा केली, भोंग्याला गंज चढला म्हणून. ताई म्हणायची स्टुडिओतला एसी बाधतो. धाकटी म्हणाली मिठाच्या पाण्याने गुळण्या कर. केल्या. चार महिने गुळण्याच केल्या. चिमी आता तिशीला आलेली, औषधाच्या दुकानात काउंटरला उभी राहते, ती म्हणत होती मोठ्या दवाखान्यात दाखवू. पण ताई म्हणजे, स्वतःचं काही असलं की उद्या. दाखवलं तेव्हा डॉक्टरने आरशासारखं काहीतरी घशात घातलं आणि बाहेर येऊन चिमीशी बोलला, ताईशी नाही. तिथेच धाकटी समजली.

गाठ आवाजाच्या पेटीवरच बसली होती. पेटी काढायची, गळ्याला भोक पाडायचं, त्यातून श्वास. जीव वाचेल, म्हणाला, आवाज नाही राहणार. "काय बोलायचं असेल ते ऑपरेशनच्या आधी बोलून घ्या," असं नर्स सगळ्यांनाच सांगते म्हणे. जसं काही सामान आवरून ठेवायचं असतं.

ऑपरेशन दुपारी बाराला होतं. धाकटीने ठरवलं की सकाळी दुकानात जायचं आणि अकराला निघायचं. शाळेचे गणवेश होते, तीनशे शर्ट, शाळा उघडायला दोन दिवस. शेठ म्हणाला, एवढा गठ्ठा संपव आणि जा. आणि ती बसली. हेच तिला स्वतःचं कळत नाही अजून. उठून गेली असती तर काय शेठने पाय धरले असते? पण चाळीसहून जास्त वर्षांची सवय. हातातलं काज अर्धं टाकायचं नाही. अर्धं टाकलं की उसवतं.

ती पोचली साडेअकराला आणि खाट रिकामी. आधीचा पेशंट आलाच नव्हता, म्हणून ताईला दहालाच आत नेलेलं, चिमी खाली पैसे भरायच्या रांगेत असताना. चिमी आणि ती बंद दारापुढे उभ्या. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिने सांगितलं, "तुमचीच वाट बघत होती हो. सारखी दाराकडे. मग म्हणाली, जाऊ दे, धाकटीचं काज चुकेल."

हे ताईचं शेवटचं बोलणं. आणि तेही धाकटीने ऐकलं नाही, म्हातारीच्या तोंडून कळलं.

पुढे आठ महिने ताई जगली. गळ्यापुढे पातळ फडकं बांधलेलं. हाक मारायची तर स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटायची. चिमीने पाटी आणून दिली, पण ताईला लिहायचं म्हणजे डोंगर. एक अक्षर काढायची, बघायची, पुसायची. पहिल्या दिवशी पाटीवर लिहिलं होतं "भोंगा बंद" आणि आपणच खांदे हलवून हसली. हसण्यालाही आवाज नाही. भोकातून नुसती हवा. धाकटीला तेव्हा मोरीत जाऊन नळ सोडावा लागला.

मग गाठ दुसरीकडे निघाली. मग पेल्यावरचा चमचाही कमी झाला. एका दुपारी चिमी दुकानातून जेवायला आली तर मावशी भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि चमचा खाली जमिनीवर.

गेलेल्या माणसाचं काय राहतं? साड्या राहतात, चपला राहतात. फोटो होते, मोबाईलमध्ये बरेच होते. पण आवाज शोधायला गेलं तर कुठेच नाही. ताई मोबाईलवर बोलून पाठवणाऱ्यांतली नव्हती. "मला मशीन कशाला लागतं, गॅलरी आहे की," म्हणायची. चिमीने सगळा मोबाईल उपसला. एका व्हिडिओत ताई होती, पण त्यात मिक्सर चालू.

मग चिमीलाच सुचलं. "आई, दगडाचा भाग."

आता सगळं मोबाईलवर मिळतं. कुणीतरी ते जुने भाग चढवून ठेवले होते. रविवारी सकाळी दोघी खाटेवर बसल्या आणि लावला. ढोमकू हरला. वेण्यावाली मुलगी निघाली. दगड सुटले. आणि ताई ओरडली.

चिमी रडली, रडून मोकळी झाली. "बघ ना आई, आहे मावशी. अशी आहे अजून."

धाकटी रडली नाही. ही ओरड तिने शंभरदा ऐकली होती, पण कधी? दहा पोरांच्या गोंगाटात, ताई शेजारी बसलेली, पुढची चेष्टा तोंडावर तयार. आता ताई नाही, पोरं नाहीत, आणि ओरड तेवढी उरली. ही ढोमकूची नव्हतीच. चांगल्या चाळिशीच्या बाईचं हाड दारात मोडतंय, त्याची ओरड होती ती.

आणि तेव्हापासून वाईट झालं. ताई आठवायला गेली की ओरडच यायची. दुकानात काज करताना आठवावं म्हणून बसायची, चिमे जेवायला ये, कशी म्हणायची? ओरड. चहा देताना काय म्हणायची? ओरड. आणि ते हळू आवाजातलं, बोट मुठीत धरून म्हणायची ते, ते तर शब्द लक्षात, आवाज गेलेला. पाटीवर लिहिल्यासारखे नुसते शब्द. ओरडीने बाकीचं सगळं पुसून टाकलं. पंधरा दिवस झोप नाही. शर्टाला उलट्या बाजूने काज पाडलं तिने, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. शेठही घाबरला, म्हणाला घरी जा.

ती घरी गेली नाही. टायरच्या दुकानावरचा जिना चढून गेली. एकच विचारायचं होतं. ताई बावीस-तेवीस वर्षं इथे होती, रोज माईकच्या आसपास. चुकूनमाकून एखादं साधं वाक्य कुठे पकडलं गेलं असेल का? चहा घ्या साहेब. पाय उचला साहेब. काहीही. ओरड सोडून काहीही.

साउंडवाला साहेब तोच होता. केस पांढरे झाले होते, पोट पुढे. ताईच्या वेळी दवाखान्यात येऊन गेला होता, म्हणून ओळख होती. त्याने रेकॉर्डिंगच्या खोलीतच खुर्ची दिली, पाणी दिलं. धाकटीने काय हवं ते सांगितलं.

"एक आहे," तो म्हणाला. "पण ते नका ऐकू तुम्ही."

"का?"

"ती ओरड ज्यात आहे ना, तो अख्खा टेक ठेवलाय मी. पुढचं मागचं न कापता. पुढे बोलल्यात मावशी. दोन-तीन मिनिटं आहे."

"मग लावा की."

"तुम्हाला त्यांनी काय सांगितलं होतं? त्या दिवसाचं?"

धाकटीने सांगितलं. फडकं नव्हतं, दाराने करंगळी खाल्ली, तुम्ही म्हणालात वा मावशी परत एकदा दे, ती म्हणाली एका टेकला एक नाही परवडायचं. सांगताना सवयीने जिथे हसायचं तिथे ती थोडी हसली पण.

साहेबाचा चेहरा उतरला. "मी असं म्हणालो होतो, असं सांगायची?"

"नव्हतात म्हणालात?"

त्याने कपाटातून एक जुना हार्डडिस्कचा डबा काढला, वायर लावली, बराच वेळ माऊस फिरवत बसला. मग हेडफोन तिच्या कानांवर नीट बसवले, स्वतः एक दुसरा घेतला, आणि म्हणाला, "फडकं त्यांनीच काढून नेलं होतं. बाहेर पॅसेजमध्ये मी चहा सांडला होता, तो पुसायला. पुसलं, फडकं पिळून बादलीत टाकलं, आणि आपणच विसरल्या की दारावर बल्बच्या जागी तेच लावायचं असतं. एवढीच चूक. आणि चहा माझा."

लावलं.

आधी लवंगवाली बाई ओरडली, कुकरसारखी. साहेबाचा तरुण आवाज, अजून एक घेऊ. मग दार उघडल्याची फुस्स. कुणाचा तरी श्वास आत ओढलेला. आणि मग ओरड. हेडफोनमध्ये ती डोक्याच्या आत झाली. बादली पडली, पाणी पसरल्याचा आवाज.

आणि मग ताई बोलली.

"नाही नाही. काही नाही झालं. चालू होतं का हो साहेब? चुकलं माझं. फडकं मीच काढलं. दार वाजू नये म्हणून मधे हात धरला, तर..."

"मावशी, हात बघू."

"नको. आधी पाणी. वायरीत जाईल."

"अहो रक्त आहे!" ही लवंगवाली बाई.

"पुसते ना बाई. डाग नाही राहायचा. तुम्ही पाय वर घ्या."

साहेब म्हणतोय ठेव ते, डॉक्टरला बोलावतो, आणि त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला, बाईही गेली असेल मागोमाग. खोलीत कुणी राहिलं नाही. मशीन मात्र चालूच. आणि लादीवर फडकं फिरल्याचा आवाज. सर्र. पिळलं. टपटप. पुन्हा सर्र. एका हाताने पिळत असणार, नीट पिळलं जात नव्हतं. धाकटी लादी पुसण्याचा आवाज ऐकत बसली. तिला वाटलं आता संपलं असेल.

मग, अगदी हळू, माईकपासून लांब, जमिनीजवळून, "झालं हां. झालं. झालं बाळा, झालं."

सर्र.

"झालं हां, झालं."

तिथे टेक संपला होता.

तोच आवाज. त्यासाठीच तर धाकटी जिना चढून आली होती. पण ताई तो तिला म्हणत नव्हती. स्वतःचंच बोट स्वतःच्या मुठीत धरून म्हणत होती, कारण दुसरं कुणी नव्हतं मूठ धरायला. आणि त्या दिवशी घरी आली ती हाताला पट्टी बांधून आणि गोष्ट तयार करूनच आली. जिन्यातच बनवली असेल, टायरच्या दुकानापासून घरापर्यंत. दहाच दिलीत देवाने. धाकटीने तेव्हा ते बोट हातात घेतलं का? नाही. ती हसली. चिमीला म्हणाली, ऐक ऐक, मावशीची गंमत ऐक.

त्या कार्टूनमध्ये तरी ती वेण्यावाली मुलगी वळते.

"मी ती ओरड वापरायला नको होती," साहेब म्हणाला. काचेकडे बघत होता. "दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून कामावर हजर. मी विचारलं, मावशी, ठेवू का? म्हणाल्या ठेवा साहेब, वाया कशाला घालवायची. त्या तशा म्हणाल्या म्हणून मी... माझी पोरं पण तो भाग बघून टाळ्या वाजवायची."

"सगळ्यांचीच," धाकटी म्हणाली.

"पुसून टाकू का हे? तुम्ही म्हणाल तर."

"नको."

"मोबाईलवर देऊ?"

तिने मोबाईल पुढे केला. मग मागे घेतला. "ओरड काढून द्या. ते पाणी-बिणीही नको. शेवटचं तेवढं."

"त्याच्या मधे फडक्याचा आवाज आहे. तो नाही निघणार पूर्ण."

"तो राहू दे."

त्याला थोडा वेळ लागला. धाकटी खुर्चीवर बसून राहिली, हात मांडीवर, तर्जनीने अंगठ्यावरचा घट्टा चोळत. मोबाईलमध्ये ते आलं, वाजवून बघा म्हणाला. तिने नाही वाजवलं. घरी चिमीला काय सांगायचं हेच ठरत नव्हतं. ऐकवलं तर चिमीची गोष्ट जाणार, दहाच दिलीत देवाने, ते तिचं लहानपण होतं. नाही ऐकवलं तर परत तेच, एकटीने मुठीत धरून बसायचं. ताईसारखं.

"सांगेन तिला," ती मोठ्याने म्हणाली. साहेबाला कळलं नाही कोणाबद्दल, पण त्याने मान हलवली.

ती उठली. रेकॉर्डिंगच्या खोलीतून बाहेर पडायचं तर तेच दार. गादीचं, स्प्रिंगचं, आता नवी निळी गादी बसवलेली. तिने ते उघडलं. वरचा लाल बल्ब बंद होता. दाराबाहेर आताची झाडूवाली उभी होती, धाकटीच्याच वयाची, एका हातात बादली, दुसऱ्या हातात पुसणं, बल्बकडे बघत थांबलेली.

धाकटीने दार धरून ठेवलं. दोन्ही हातांनी, पाठ लावून. जड होतं, ढकलत होतं.

"सोडा ओ ताई," ती बाई म्हणाली. "आपोआप लागतं ते."

"माहितेय," धाकटी म्हणाली. "तू ये आधी. बादली आत घे. हात घे आत."